भरल्या पोटी टिचकी

उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख ती वाढवायची. बाकीची नऊ कापून टाकायची.

बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायची नाही, हनुवटीकडे बघायची.

कुणाकडे चहाला गेली की आधी कप कानाशी नेऊन वाजवायची. आवाज आवडला नाही तर घरच्या बाईला सांगून टाकायची, "हा फार दिवस नाही टिकायचा." एकदा तो कप त्याच संध्याकाळी फुटला. त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं नाही.

शेजारणी कलिंगड घेऊन थेट तिच्या दारात यायच्या. ती एक टिचकी मारायची आणि म्हणायची, "परत दे."

झोपताना उजवा कान वर ठेवायची.

दुपारचे तीन वाजेपर्यंत पोटात अन्नाचा कण जाऊ द्यायची नाही. काळा चहा मात्र हवा तितका.

या शेवटच्या सवयीपायी तिची जागा जाता जाता राहिली.

चिनीमातीच्या कपबश्यांच्या कारखान्यात तिला सगळे टिचकीताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. ते तिथंच राहिलं. भट्टीतून निघालेले कप लांब फळ्यांवर मांडून तिच्या बाकावर यायचे. उत्तरेच्या खिडकीखाली तीन बायका बसत, ती मधली. कप उचलायचा, कानाशी न्यायचा, कडेवर टिचकी मारायची. चांगला कप खणकन वाजतो आणि आवाज थोडा रेंगाळतो. आत केसाएवढी चीर असली तर आवाज बद्द येतो आणि जागच्या जागी मरतो. ती चीर डोळ्यांना दिसत नाही. ती पुढे कधीतरी दिसते, कुणाच्या तरी हातात, गरम चहा ओतल्यावर.

हे काम तिला थोरलीनं शिकवलं होतं. थोरली म्हणजे तिच्या आधीची बाकावरची मुख्य बाई. कडक, वाळकी, कमी बोलणारी. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भरलं पोट, झोपला कान. फळ्या संपेपर्यंत खायचं नाही." बाकावरच्या बायकांनी हे वाक्य गाठीला बांधलं. कारखान्यात बाकीचे जेवायला उठायचे, बाक बसून राहायचा. त्यात एक ऐटही होती. कँटीनकडे निघालेल्या कामगारांकडे त्या अशा बघायच्या, की जणू कुणी शिकारीला निघताना घंटा बांधून चाललंय.

थोरली गेली. वाक्य मागे राहिलं.

मग एका वर्षी टिचकीताईच्या डाव्या कानात गुणगुण सुरू झाली. कानात एक डास राहायला आला होता आणि भाडं देत नव्हता. स्टुलावरून उठताना क्षणभर खोली फिरायची. तिनं सगळ्याकडे कानाडोळा केला. दुपारी शेवटच्या फळ्या वाजवताना आवाज जरा लांबून आल्यासारखे वाटायचे. ती म्हणायची, "माती बदलली वाटतं."

माती बदलली नव्हती. एका मोठ्या हॉटेलातून कपांची आख्खी पेटी परत आली. तिथल्या पाहुण्याच्या हातात कपाचा कान राहिला होता आणि चहा मांडीवर सांडला होता. पेटीतले आणखी चार कप बद्द निघाले. प्रत्येक कपाच्या बुडाशी तपासणारीचा ठिपका असतो. चारही ठिपके हिरवे होते. हिरवा तिचा.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेब भला माणूस. वाईट बातमी सांगताना तो टेबलावरच्या वस्तू सरळ करत बसायचा. त्या दिवशी सगळं टेबल सरळ झालं.

"ताई, तुम्हाला काढत नाहीये. तुम्ही तूर्त पॅकिंगला जा."

"आणि बाक?"

"भट्टी आता दुरुस्तीला बंद होणार. ती पेटली की पहिला माल तुमच्यासमोर ठेवतो. तुम्ही वाजवा. तुम्ही खणखणीत म्हणाल त्यात एकही तडकलेला निघता कामा नये. निघाला, तर मग पॅकिंगच."

"सगळेच बाद केले तर?" ती म्हणाली.

साहेब हसले. "म्हणून तर सांगतो, चांगले कप बाद करून कातडी वाचवायची नाही."

पॅकिंग म्हणजे कपांत कागद कोंबणं. हाताला काम, कानाला सुट्टी. पेटीवर पेटी चढत गेली. ज्या कपांना ती आयुष्यभर बोलतं करत आली, त्यांच्या तोंडात आता बोळे घालत होती.

घरी ती आणि तिची नणंद, दोघीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नणंद घरी पडदे शिवायची. तिची कात्री धारदार होती आणि जीभ कात्रीला लाजवणारी.

"पॅकिंगला टाकलं म्हणून तोंड पाडून बसलीस," नणंद म्हणाली. "मी तीन वेळा हाक मारली. तिसऱ्यांदा तर तुझ्या माहेरचा उद्धार केला. तरी वळली नाहीस."

"ऐकलं होतं मी."

"काय ऐकलंस?"

टिचकीताई जमिनीवरच्या पडद्याच्या चिंध्या गोळा करू लागली.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे. आणि वहिनी, मी बरोबर येणार. तू तिथं जाऊन डॉक्टरलाच टिचकी मारून येशील."

डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर मोठे हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिलाच वाजवून बघत होतं. ती घामेजली. काही आवाज आले, असं तिला वाटलं. काही आले नाहीत, हे तिला कळलंच नाही.

डॉक्टरांनी कागदावरची उतरती रेघ दाखवली. "अगदी बारीक, उंच आवाज थोडे गेलेत. काही वयानं, काही भट्टीच्या पंख्याच्या आवाजानं. ते परत येणार नाहीत. खोटी आशा दाखवत नाही. यापुढे भट्टीच्या खोलीतून जाताना कानात बोळे घालायचे." मग त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पापणी आतून कागदासारखी पांढरी होती. "पण हे काय? रक्त तपासू या."

रक्तात लोह कमी निघालं. बी-१२ त्याहून कमी. डॉक्टरांनी गोळ्या आणि इंजेक्शनं लिहून दिली आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं आहारतज्ज्ञ बाई होत्या. वयानं लहान, आवाजानं मऊ. टिचकीताई त्यांच्या हनुवटीकडे बघत बसली.

"सकाळी काय खाता?"

"काही नाही."

"दुपारी?"

"चहा."

"चहाबरोबर?"

"आणखी थोडा चहा," नणंदेनं मध्येच सांगितलं. "आमच्याकडे पाहुणचार असाच असतो."

आहारतज्ज्ञ बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद उलटा करून त्यावर गोगलगायीसारखा एक आकार काढला. "हा आतला कान. याला रक्त पोचवणाऱ्या वाटा फार बारीक आहेत. रक्त अशक्त झालं की त्याची झळ सगळ्या शरीराला लागते. कानालाही लागू शकते. गुणगुण, चक्कर, आवाज लांबून येणं, यातलं थोडं त्यामुळे असू शकेल."

"मग खाल्लं की कान बरा?"

"तसं मी म्हणणार नाही. जेवण म्हणजे जादू नाही. काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. पण तुम्ही त्या कानाकडून दिवसभर काम करून घेता आणि त्याला शिधाच देत नाही. तेवढं तरी आपल्या हातात आहे ना?"

मग त्यांनी सांगितलं, सकाळी कामाला जायच्या आधी खायचं. अंडं, दूध, दही. जेवणात डाळ, हिरवा पाला, जमेल तेव्हा मासा. वर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह अंगी लागतं. मुठीत मावतील एवढे दाणे, भोपळ्याच्या बिया. मीठ बेतानं. आणि काळा चहा जेवणाबरोबर अजिबात नाही, लोह अंगी लागू देत नाही तो.

"सकाळी नाही चालायचं," टिचकीताई म्हणाली. "भरलं पोट, झोपला कान."

"कुणी सांगितलं?"

"थोरलीनं."

"तिनं का सांगितलं?"

हा प्रश्न टिचकीताईला आजवर कुणी विचारला नव्हता. तिनं स्वतःलाही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून नणंद पहाटे उठून डबा भरू लागली. उकडलेली अंडी, पाव, पाल्याची भाजी, लिंबाची फोड. टिचकीताई गोळ्या घ्यायची, इंजेक्शनाला जायची, डबा मुकाट्यानं घेऊन निघायची आणि फाटकाशी चौकीदाराच्या कुत्र्यापुढे रिकामा करायची. थोरलीचा शब्द मोडणं तिला जमेना. आता तर ती बाकावरही नव्हती. तरीही जमेना. बाक गेला तर गेला, बाकाची शिस्त कशी सोडायची?

महिनाभरात कुत्रं गुटगुटीत झालं. चौकीदार कौतुकानं सगळ्यांना दाखवू लागला. टिचकीताईच्या कानातला डास जिथल्या तिथं होता.

एका दुपारी नणंद विसरलेला चष्मा द्यायला कारखान्यावर आली. कुत्रं धावत येऊन तिच्या पिशवीला झोंबलं.

"अहो, हे मला ओळखतं कसं?" तिनं चौकीदाराला विचारलं.

"तुम्हाला नाही, पिशवीला ओळखतं. ताई रोज अशाच पिशवीतून अंडी घालतात त्याला."

नणंदेनं भांडण केलं नाही. तेच जास्त वाईट होतं. ती पॅकिंगच्या खोलीत आली, चष्मा पेटीवर ठेवला आणि म्हणाली, "कुत्र्याचे कान चांगले झाले असतील. त्याला बसव बाकावर." आणि निघून गेली.

टिचकीताई जागेवरून उठली. पुन्हा खोली फिरली. ती भिंतीला धरून तशीच भट्टीकडे गेली. भट्टी थंड होती. मिस्त्री आत बसून विटा बदलत होता. कारखान्यात थोरलीला तरुणपणी पाहिलेला तेवढा एकच माणूस उरला होता.

"मिस्त्रीकाका, थोरली जेवायची का नाही हो? कामाच्या वेळी?"

"आधी जेवायची की. चांगली दोन माणसांचं जेवायची."

टिचकीताईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. ती उजवा कान करून पुढे सरकली.

"मग सोडलं का?"

"पिंपामुळे." मिस्त्रीनं हातातली वीट खाली ठेवली. "तू यायच्या आधीची गोष्ट. दगड दळायचं मोठं पिंप होतं बघ, आत गोटे टाकून फिरवायचं. ते तेव्हा कँटीनला लागून होतं. मध्ये नुसता पत्रा. तिथं जेवून आलं की बराच वेळ आपलंच बोलणं आपल्याला ऐकू यायचं नाही. बाकावरच्या बायका जेवून आल्या की तडकलेले कप पास करायच्या. थोरलीच्या लक्षात आलं, जेवून आलं की कान बिघडतो. तिनं जेवणच बंद केलं."

"पण कान तर पिंपानं..."

"तेच तर. आळ पोटावर आला, पिंप सुटलं." मिस्त्री हसला. "पुढे पिंप कुंपणापलीकडे नेलं. तोवर तिला सवय झाली होती. कुणी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. आम्हाला वाटायचं, तुमचं व्रतबित असेल."

टिचकीताई विटांच्या ढिगावर बसली. तिला हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम आलं. थोरली खोटं बोलली नव्हती. थोरलीनं बरोबर ऐकलं होतं. फक्त दोष चुकीच्या दारात नेऊन टाकला होता. आणि तिच्यामागून बाकावर बसलेल्या सगळ्या जणी त्या नसलेल्या पिंपाला घाबरून उपाशी राहिल्या होत्या.

"काका, पाव आहे का तुमच्याकडे?"

"आहे. आणि डाळ. थंड झालीय."

"चालेल."

त्या दिवशी दुपारी, उघड्या भट्टीच्या तोंडाशी बसून, टिचकीताई कामाच्या वेळेत जेवली. मिस्त्रीच्या डब्याचं बूड दिसेपर्यंत जेवली. मिस्त्री बिचारा बघतच राहिला.

घरी जाऊन तिनं नणंदेला सगळं सांगितलं. नणंदेनं पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे एका पिंपानं तुला उपाशी ठेवलं आणि मी बोंबलत होते ते ऐकायचं नव्हतं."

"वन्सं, चुकलं माझं."

"उद्या किती अंडी उकडू?"

"दोन. आणि कुत्र्यासाठी अर्धं. त्याला एकदम तोडायला नको."

पुढचे दिवस साधे होते. साधेपणातच ती मोठी लढाई होती. भूक मेलेल्या माणसाला सकाळी खाणं म्हणजे डोंगर. पहिल्या आठवड्यात अंडं घशाखाली उतरेना. नणंद समोर कात्री घेऊन बसायची. पालेभाजीवर लिंबू पिळलं जाऊ लागलं. बिया खिशात आल्या. चहा जेवणापासून लांब गेला, आणि त्याचं तिला सगळ्यात जास्त दुःख झालं. भट्टी थंड होती, तरी त्या खोलीतून जाताना ती कानात बोळे घालू लागली.

चक्कर आधी गेली. एके दिवशी ती उठली आणि खोली जागेवर होती. मग पापणीला रंग आला. गुणगुण गेली नाही, पण दिवसेंदिवस खाली बसली. डास भिंतीपलीकडे राहायला गेल्यासारखा झाला. एका सकाळी तिला नणंदेच्या मशिनची सुई ऐकू आली. पडद्याच्या जाड काठावरून ती पातळ कापडावर उतरते, तेव्हा तिचा आवाज बदलतो. तो बदल ऐकू आला. तिनं कुणाला सांगितलं नाही. ती तशीच दारात उभी राहून ऐकत होती.

"काय बघतेस?" नणंदेनं विचारलं.

"काही नाही. शिव तू."

डॉक्टरांनी पुन्हा काचेच्या खोलीत बसवलं. बारीक, उंच आवाजांची रेघ जिथं होती तिथंच होती. बाकीची थोडी वर चढली होती. "कान नवा नाही झाला," डॉक्टर म्हणाले. "पण रक्त सुधारलंय, थकवा गेलाय, आवाजावर लक्ष धरून ठेवता येतंय तुम्हाला. किती जेवणानं, किती औषधानं, हे नाही सांगता यायचं. चालू ठेवा."

भट्टी पेटली. पहिला माल निघाला.

परीक्षेच्या सकाळी तिनं कारखान्यात येऊन दोन अंडी, पाव आणि दही खाल्लं. बाकावरच्या इतर दोघींनी ते पाहिलं आणि एकमेकींकडे बघितलं. "ताई, आज तरी नको होतं," एक म्हणाली.

"आजच हवं होतं," ती म्हणाली.

फळी समोर आली. साहेब उभे, मिस्त्री उभा, बाकावरच्या दोघी उभ्या. नणंदही आली होती. पडद्यांची मापं घ्यायला आले, असं तिनं फाटकावर सांगितलं होतं. कारखान्यात एकही पडदा नव्हता.

पहिला कप उचलला. टिचकी. खणकन आवाज आला आणि रेंगाळला. ती थांबली. आवाज संपेपर्यंत थांबली. आधी ती इतकी थांबत नसे. डाव्या हाताला चांगला, उजव्या हाताला बाद. खण. खण. बद्द. खण. हळूहळू खोलीत दुसरा आवाजच उरला नाही. उंच आवाज गेले होते, म्हणून ती आता आवाजाच्या शेपटीवर कान ठेवत होती. चिरलेल्या कपाला शेपूट नसते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एका कपापाशी ती अडली. टिचकी मारली. पुन्हा मारली. मान वळवून उजवा कान लावला. खिडकीबाहेर कुणीतरी ढकलगाडी ढकलत होतं, ती जाईपर्यंत थांबली. तिसरी टिचकी. मग कप डाव्या हाताला ठेवला. चांगला.

बाकावरच्या एकीनं श्वास आत घेतला. तिला तो कप बद्द वाटला होता.

फळी संपली. मिस्त्रीनं लाल शाई आणली. कपाला शाई फासायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. चीर असली तर शाई तिच्यात शिरते आणि लाल रेघ राहते. शाई कुणाची भीड धरत नाही.

आधी बाद कप. पहिल्यावर रेघ. दुसऱ्यावर रेघ. सगळ्यांवर रेघ. साहेब मान डोलवत गेले.

मग चांगले. एकेक कप पुसला जाई आणि पांढरा निघे. पांढरा. पांढरा. शेवटी तो अडलेला कप आला. मिस्त्रीनं शाई फासली, पुसली. कपाच्या कानापाशी एक बारीक लाल रेघ होती.

साहेबांनी हात खिशात घातले. सरळ करायला समोर काहीच नव्हतं.

टिचकीताईनं रेघेकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "वाजला होता तो."

मिस्त्रीनं कप उजेडात धरला. नखानं रेघ खरवडली. रेघ उचलली गेली आणि त्याच्या नखाला चिकटून लोंबत राहिली.

"फडक्याचा दोरा," तो म्हणाला.

आधी नणंद हसली. मग साहेब. मग सगळी खोली अशी खदखदली की रॅकवरचे कप किणकिणले. नणंद मिस्त्रीच्या हातातलं फडकं हिसकावून म्हणाली, "मेल्यांनो, चांगलं फडकं तरी वापरा! मी शिवून देते."

"ताई," साहेब म्हणाले, "उद्यापासून बाक."

"एक अट आहे."

"आता तुमची अट?"

"बाकाला जेवायची सुट्टी. सगळ्यांबरोबर. आणि सकाळी खाल्ल्याशिवाय कुणी बसायचं नाही."

साहेबांना कळेना. बाकाला सुट्टी नाही, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. त्यांच्या कागदांत ती पहिल्यापासून होती. मग बाकावरच्या दोघींना तिनं पिंपाची गोष्ट सांगितली. एक म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं..." दुसरीनं टिचकीताईच्या खिशातल्या बिया मागितल्या. तिघींनी मिळून खिसा रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी टिचकीताई उत्तरेच्या खिडकीखाली आपल्या स्टुलावर बसली. हिरवा रंग बाटलीत घट्ट झाला होता, तो पाण्यानं पातळ केला. फळीवर पातळ कडेचे कप होते, नवीन नमुना, अवघड. तिनं एकेक वाजवत नेला. पंधरा-वीस कपांच्या बुडाला ठिपके लागले. एक कप तिनं कानाशी नेला होता, नख कडेला टेकलं होतं.

जेवणाची घंटा झाली.

टिचकी न मारताच तिनं तो कप खाली ठेवला. ब्रश पाण्यात टाकला. शेजारच्या दोघींना म्हणाली, "चला गं," आणि डबा घेऊन कँटीनकडे निघाली. फळीवरचे अर्ध्याहून जास्त कप वाजायचे राहिले होते.